मामंजींच्या नावाचं कुलूप

डोंगरातल्या कोचकोर गावात कॉम्प्युटर अडला की लोक म्हणतात, “उमसुनाईला बोलवा, मशीन रुसलंय.” आणि ती आली की मशीनला काही बोलत नाही, आधी माणसांना झापते. “हात मागे! कुणी काही दाबायचं नाही. चहा टाका.” चहा होईपर्यंत निम्मी दुखणी आपोआप बरी होतात, कारण तेवढा वेळ कुणी काही दाबत नाही. एवढीच तिची विद्या, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगते. पण ऐकतो कोण?

पूर्वी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ते बंद पडलं तेव्हा बरोबरच्या बायका बाजारात लोकरीचे मोजे विकायला बसल्या, आणि ही राजधानीत, बिश्केकला, बहिणीकडे राहून कॉम्प्युटर शिकून आली. नवरा म्हणाला, “या वयात?” ती म्हणाली, “मग कधी, कबरीत गेल्यावर?” नवऱ्यानं तिची पिशवी उचलून तिला बसपर्यंत पोचवलं. तो तसा शहाणा माणूस आहे.

तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “शेवटचं काय दाबलंस?” गावाच्या या ‘एजे’ला, म्हणजे ताईला, उत्तरही ठरलेलं: “काहीच नाही, एजे!” शाळेतला कारकून तालाय तर शपथेवर सांगत होता. त्याच्या स्क्रीनवरचं सगळं खालचं वर झालं होतं. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. या पठ्ठ्यानं स्क्रीनच उचलून उलटी केली, खाली विटांचा टेकू दिला आणि आठवडाभर बिनबोभाट काम केलं. उमसुनाईनं दोन बटणं दाबून चित्र सरळ केलं. पण स्क्रीन डोक्यावर उभी, त्यामुळे तालायला ते आता उलटं दिसायला लागलं. “एजे, चांगलं चाललं होतं, बिघडवलंत की!” असं म्हणाला मेला. ती हसून हसून विटांवरच बसली.

आणि जनावरांचा डॉक्टर ओरोझाली! त्याच्या स्क्रीनवर एक दिवस लाल अक्षरं झळकली, की अभिनंदन, तुम्ही मोटार जिंकलात. आता एवढी मोठी गोष्ट, नुसती बघत कसं बसायचं? त्यानं मेंढी कापली, गल्लीला जेवायला बोलावलं, आणि मग ती लाल अक्षरं स्क्रीनवरून हलत नाहीत म्हणून उमसुनाईला निरोप धाडला. तिनं एका नजरेत ओळखलं की ही भामट्यांची पाटी आहे, आणि कुठलंही बटण दाबलं असतं तर ओरोझालीच्या खात्यातलं सगळं गेलं असतं. पण बाहेर कढईत मांस रटरटत होतं आणि म्हाताऱ्यांनी ओंजळी पसरून मोटारीला दुआ द्यायला सुरुवातसुद्धा केली होती. ती म्हणाली, “आधी जेवून घेऊ.” जेवणं झाल्यावर तिनं खरं सांगितलं. ओरोझालीनं बोटांवर हिशेब मांडला. मग म्हणाला, “म्हणजे मोटार आली नाही, आणि मेंढी गेली.” “गेली कुठं? आहे की सगळ्यांच्या पोटात,” उमसुनाई म्हणाली, आणि सगळ्यात आधी हसला तो ओरोझालीच.

ही गोष्ट सगळ्या गावात पसरली, आणि तिथूनच गल्लीतल्या थोरल्या झुराकान-अपाच्या घरचं प्रकरण सुरू झालं. अपाचा म्हातारा केरिमबाय यानं धसका घेतला. तारेतून चोर येतात म्हणे! घोडे घेऊन डोंगरावरच्या उन्हाळी कुरणावर जाण्याआधी त्यानं घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड घातला आणि बायकोला मिशीतल्या मिशीत हसत सांगितलं, “माझ्या वडिलांचं नाव घातलंय. या घरातली, या गल्लीतली एकही बाई ते तोंडातून काढायची नाही. असं कुलूप बँकेतही नसेल.”

खरंच होतं ते. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. चुलत सासऱ्याचंही घेत नाही, आजेसासऱ्याचंही नाही, आणि त्या नावासारखा एखादा शब्द असेल तर तोही वळसा घालून जाते. मामंजींच्या नावात लोखंड येतं, म्हणून झुराकान-अपा जन्मभर कढईला ‘काळी’ आणि विळ्याला ‘धारवाली’ म्हणत आली. पुरतं नाव मी इथंही लिहीत नाही. बायकांनी एवढं जपलं, ते आपण कशाला चव्हाट्यावर आणायचं?

म्हातारा गेला कुरणावर. तिथं फोनला कसलाच सिग्नल नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात पाळण्याचा दिवस ठरला.

अपाचा मुलगा मेदेर मॉस्कोत कामाला. लग्न तिकडेच झालं. सून अदिनानं अजून या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. अपानं तिच्या डोक्याला नव्या सुनेचा पांढरा रुमालसुद्धा बांधला नव्हता, फक्त फोनवरून आवाज ऐकला होता. आणि आता तिला मुलगा झाला होता. या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल पहिल्यांदा पाळण्यात गेलं ते अपाच्या हातानं. घरचा तो जुना पाळणा पुतण्याच्या ट्रकमधून, सुक्या जर्दाळूंच्या पोत्यांवर बसून मॉस्कोला पोचला होता. अपाला जाता येत नव्हतं. मग ठरलं, की तिनं इथून स्क्रीनवर बघत सांगायचं आणि तिथं सुनेनं बाळाला निजवायचं. एवढ्यासाठी तर मेदेरनं ही मोठी स्क्रीन घेऊन दिली होती. अपाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. लहान काही दिसत नाही.

त्या दिवशी सकाळी उमसुनाई आली तेव्हा घरात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, दस्तरखानाच्या कापडावर तळलेले बोरसोक आणि सायीच्या वाट्या मांडल्या होत्या, आणि अपा कुलूपबंद कॉम्प्युटरपुढं नवा मखमली कोट घालून बसली होती. तिचा चेहरा बघून उमसुनाईचं काळीज हललं. ती नेहमीचं ‘हात मागे’ म्हणायलाही विसरली.

“पासवर्ड मागतंय गं,” अपा म्हणाली.

“मग सांगा की.”

“कसा सांगू? मामंजींचं नाव आहे!”

उमसुनाईनं कपाळाला हात लावला. नाव तिलाही माहीत होतं. म्हणजे ती सुटली, असं तुम्हाला वाटेल. पण ती याच कुळातली सून! जमलेल्या सगळ्याच जणी याच कुळात दिलेल्या. कुळाच्या लेकी लग्न होऊन दुसरीकडे, पोरंटोरं कुरणावर, पुरुष गवत कापायला नदीपलीकडे. गल्लीत शेजारची बुरुल दोनदा हिंडून आली, बकरीशिवाय कुणी भेटलं नाही.

“कुलूप तोडता येतं ना तुला?” बुरुलनं विचारलं.

“येतं. पण दुकानावर न्यावं लागेल, संध्याकाळ होईल. आणि आतले सगळे फोटो पुसले जायची भीती.” मग तिनं आपला फोन काढला. “अपा, यावरून लावू?”

“त्या काडेपेटीत मला काय दिसणार? नातू की मुंगी?” अपा हसली, पण डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मेदेर दुपारी कामाला निघणार होता, आणि उद्यापासून महिनाभर शहराबाहेरच्या बांधकामावर. आज नाही तर पाळणा तिच्याविनाच व्हायचा.

“मीच घालते,” उमसुनाई तडकाफडकी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. “लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे.”

“लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे? मग तुझ्या नवऱ्याला शिव्या लिहून बघ,” बुरुल म्हणाली. सगळ्या हसल्या. पण उमसुनाईचं बोट पहिल्या अक्षरावर जाऊन थांबलं. सगळ्या गावाला झापणारी ही बाई! नवी नवरी म्हणून आली तेव्हा याच अपानं तिच्या डोक्याला रुमाल बांधला होता, पहिल्या दिवशी कुणाला काय म्हणायचं, काय म्हणायचं नाही ते शिकवलं होतं, आणि चुकली तेव्हा दुसऱ्या कुणाला कळूही दिलं नव्हतं. त्याच अपाच्या देखत मामंजींचं नाव टाकायचं? तिला स्वतःचाच राग आला. लाजही वाटली. बोट काही हलेना.

सहज चाळा म्हणून तिनं भलतीच चार अक्षरं दाबली. स्क्रीनवर चार काळे ठिपके उमटले. उमसुनाई बघतच राहिली. रोज बघते ती हे ठिपके, पण आज जणू पहिल्यांदा दिसले.

“अपा! इकडे बघा. मी अक्षरं दाबली, त्यानं दाखवली का? नाही. तेही नाव घेत नाही! आपण लिहिलं तरी ते झाकून ठेवतं.”

अपानं चांगला डोळा स्क्रीनला लावला. ठिपक्यांवरून नखही फिरवून पाहिलं. “अगं बाई,” ती म्हणाली, “हे तर चांगल्या घरचं वळण.”

“सूनच आहे ही आपल्या कुळाची,” बुरुल म्हणाली. “तुझ्यापेक्षा बरी, उमसुनाई.”

“मग सरक,” अपा म्हणाली. “मीच लिहिते. मामंजी मला ‘माझी गोरी सून’ म्हणायचे. दात गेल्यावर त्यांना मी दुधात नान कुस्करून भरवला. त्यांच्या पणतूसाठी लिहितेय. रागावणार असतील तर माझ्यावर रागावू देत.” आणि इतरांकडे वळून, “तोंडं फिरवा गं!”

सगळ्या जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उमसुनाईसुद्धा. मागे अपाचं एकच बोट बटणं शोधत टकटक करत होतं. अपाचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “नाही म्हणतंय.”

उमसुनाई वळली. कीबोर्ड इंग्रजी अक्षरांवर होता. निम्म्या गावाचे पासवर्ड इथंच अडतात. तिनं तो आपल्या अक्षरांवर आणला. “पुन्हा, अपा.”

“पुन्हा?” अपा कळवळून म्हणाली. “उभ्या जन्मात एकदा नाही, आणि आज एका सकाळी दोनदा!” पण बसली. टकटक. ठिपके. आणि परत नाही.

उमसुनाईनं हाताची घडी घातली आणि जरा विचार केला. यंत्राचा नाही, म्हाताऱ्याचा. “अपा, केरिमबाय-बाबा वडिलांचं नाव लिहितात कसं? लहान अक्षरांत?”

“लहान?” अपा जवळजवळ ओरडलीच. “हे? वडिलांचं नाव? अगं, कबरीवरच्या दगडावर एवढाली अक्षरं कोरून घेतली, की पाथरवट दगड पुरायचा नाही म्हणत होता!”

उमसुनाईनं मोठ्या अक्षरांचं बटण दाबलं, बाजूचा हिरवा दिवा लागला. “एकदाच, अपा. शेवटचं.”

पुन्हा सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. टकटक चालली, थांबली. आणि मागून कॉम्प्युटर उघडल्याची ती छोटी धून वाजली. बायकांनी असा गलका केला की दारातली बकरी पळाली. अपा नुसती म्हणत होती, “माफ करा हं, मामंजी. माफ करा.” आणि हसत होती.

उमसुनाईनं मॉस्को लावलं. मेदेर कामाचे कपडे घालून तयार, दोन शेजारणी, मध्ये जर्दाळूंच्या पोत्यांवरून आलेला पाळणा, आणि बाळाला छातीशी धरून अदिना. केवढीशी पोरगी! तिनं स्क्रीनसमोर खाली वाकून तीनदा नमस्कार केला. बाळाचं दुपटं ती पुन्हा पुन्हा सारखं करत होती.

“औक्षवंत हो, बाळा. इकडे बघ माझ्याकडे. घाबरायचं नाही,” अपा म्हणाली. “आधी उलटा धर त्याला. डोकं पाळण्याच्या पायथ्याकडे. हं. आता विचार.”

“उजवं की उलटं?” अदिनानं बारीक आवाजात विचारलं.

“उलटं!” इकडून सगळ्या जणी ओरडल्या. आवाज तिकडे जरा उशिरा पोचला, बाळ दचकलं, दोन्हीकडे हशा पिकला.

“आता सुलटा फिरव. विचार.”

“उजवं की उलटं?”

“उजवं!”

मग अपा उठली. मूल पाळण्यात टेकवणारीनं म्हणायचं असतं, की हा माझा हात नाही, मुलांना जपणाऱ्या उमाई मातेचा हात आहे. ते म्हणायला ती उभी राहिली. तिनं उजवा तळवा स्क्रीनवर ठेवला, बाळ दिसत होतं तिथं, आणि तो तसाच दाबून धरला. काच पुसायला लागेल, डाग उठेल, असलं काहीही उमसुनाईच्या मनात आलं नाही. ती ढसाढसा रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

“हा माझा हात नाही,” अपा शेवटी म्हणाली. “उमाई मातेचा हात.” आणि मग हळूच, एखादं मूल विचारतं तसं, “सूनबाई, पोचतोय का गं?”

अदिनानं आपला हात बाळाच्या छातीवर ठेवला. त्याचे डोळे मिटत आले होते.

“पोचला, आई,” ती म्हणाली. “ऊब लागतेय त्याला.”