गाद्या आम्ही भाभीच्या घरात ठेवल्या

आमच्या गल्लीत कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार असले की त्या घराचं रूपच पालटतं. एकीकडून सोफा येतो, दुसरीकडून कपबश्या येतात, तिसरीचा नवा पडदा दाराला लागतो. फाटक्या गोधड्या, बादल्या, वाळत घातलेले कपडे, सगळं शेजारी जातं. हिंदूचं घर असो का मुसलमानाचं, रीत एकच. पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. ही रीत अंगात एवढी मुरलेली की सरकारी साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर आम्ही बायकांनी तेच केलं. हे पाहुणे वेगळे, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाय.

थांबा, आधी हॉलचं सांगते. क्रांती चौकाकडून आत वळलं की आमची गल्ली, आणि तिथं एका दुकानाच्या वर हा हॉल. पूर्वी शिवणक्लास चालायचा, आता पोरी राहतात. बालगृहात वाढलेली पोर अठरा वर्षांची झाली की तिला तिथून निघावं लागतं. पुढची सोय प्रत्येकीच्या वाट्याला येतेच असं नाय. अशी एक पोर आम्हाला बसस्टँडवर दिसली. आम्ही बचत गटाच्या बायका वेरूळहून दर्शन करून उतरलो होतो, आणि ही बाकावर पिशवी कवटाळून बसलेली. तिला घेऊन आलो. मग तिच्यासारख्या आणखी आल्या. शेवटी बचत गटानं हॉल भाड्यानं घेतला, लई खेटे घातले तेव्हा सरकारचं अनुदान मिळालं. भाडं आणि किराणा त्याच्यावरच. पण दर वर्षी पाहणी होते, आणि पाहणीवाल्यांचा शेरा बरा पडला तरच पुढं चालू.

यंदा हॉलच्या मालकानं आधीच बजावलं होतं, "आक्का, सरकारचं पक्कं झालं तर खुशाल राहा. नाय तर कोचिंगवाला कधीचा दारात उभा आहे." म्हणजे पाहणी बिघडली की पोरी रस्त्यावर. एवढं सरळ होतं ते.

म्हणून तर सगळ्या इरेला पेटल्या. समोरची भाभी सकाळीच पदर खोचून आली. "अजी आक्का, ये गोधड्यां, ये गाद्यां... साब देखेंगे तो क्या बोलेंगे? डालो सब मेरे घर में." तिच्या खोलीत छतापर्यंत गाद्या गेल्या. रात्रपाळी करून आलेली एक पोर झोपली होती, तीच ती बसस्टँडवरची. दवाखान्यात साफसफाईचं काम करते. दिवसा झोपलेली पोर दिसणं बरं नाय म्हणून तिलाही अंथरुणासकट भाभीकडं पाठवलं. इकडं सोफा आला, काचेचं टेबल आलं, त्यावर फुलदाणी. मला तर लई झकास वाटलं.

साहेब आले, बरोबर एक मॅडम. सोफ्यावर बसले, इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"इथं राहतं कोण?"

"पोरी राहतात, साहेब."

"कुठं आहेत?"

"कामावर. कुणी मॉलमध्ये, कुणी वाळूजला कंपनीत. एक रात्रपाळीची, ती समोर झोपलीय."

"मग त्यांचे कपडे, गाद्या?"

"समोर ठेवल्यात."

"का?"

आता काय सांगणार? म्हटलं, "तुम्ही येणार म्हणून."

साहेबांनी मॅडमकडं बघितलं. आवाज चढवला नाय, पण तोंड कडक झालं. "मावशी, मागं एका ठिकाणी असंच निघालं. कागदावर मुलं, आणि आत मालकाचं गोदाम. ते सगळं माझ्यावर आलं होतं."

तोवर जिन्यावर गल्ली जमलेली. खालचा पानवाला मान वर करून ओरडला, "काय आक्का, पसंत पडली का पोरगी?" सगळे खिदळले. मला त्याला खाली ढकलून द्यावंसं वाटलं.

"जी एक आहे म्हणता, तिला बोलवा," साहेब म्हणाले.

भाभीनं तिला हलवून उठवलं. बिचारी झोपेतून तशीच, भाभीच्या मोठ्या सपाता ओढत आली. साहेबांनी विचारलं, "तुझं घर कुठंय?"

ती म्हणाली, "हेच. ह्या माझ्या मावशी."

हे आम्हीच शिकवलेलं. ज्या पोरीच्या मागं कुणी नाय, तिच्या मागं टवाळ पोरं लागतात. म्हणून प्रत्येकीला सांगून ठेवलेलं, कुणीही विचारलं तरी मावशीचं घर म्हणायचं. तिनं इमानानं तेच म्हटलं.

"मावशीकडं राहतेस, तर बेघर कशी?" साहेबांनी पेन काढलं.

खरं सांगायला तोंड उघडलं तर जिन्यावरची गल्ली ऐकणार, आणि उद्यापासून ती पोर खालून जायची कशी? नाय सांगितलं तर पेन चालणार. ती माझ्याकडं बघत होती, बोलू का म्हणून. मी उठले आणि दार लावायला गेले.

"दार उघडं राहू द्या," साहेब म्हणाले.

"नाय राहणार," मी म्हटलं. एवढा उद्धटपणा मी जन्मात केला नसेल.

मॅडम मधे पडल्या. "सर, हिची गादी तर बघू." मी खिडकीतून भाभीला हाक मारली. तिनं गुंडाळी डोक्यावर घेतली, जिन्यावरच्यांना "हटो जी, तमाशा है क्या?" करत आली आणि धाडकन टाकली. मी दार लावलं.

गुंडाळी सुटली. आतून चार्जर, टॉवेल, डबा, आणि चपला निघाल्या. तिच्या स्वतःच्या चपला.

"चपला गादीत?" साहेबांनी विचारलं.

"उशीखाली असतात."

"दारात काढत नाहीस?"

"स्टँडवर नेतात ना. माझ्या पहिल्याच रात्री गेल्या होत्या."

"पण इथं कोण नेतंय?"

"कुणी नाय." ती खाली बघत म्हणाली, "पण त्याशिवाय झोप लागत नाय."

आम्हाला कुणाला हे ठाऊक नव्हतं. एवढे दिवस आम्ही तिला जेवायला वाढलं, रागावलो, तेल लावून दिलं, आणि हे ठाऊक नव्हतं. भाभी तोंडाला पदर लावून उभी राहिली.

साहेबांनी पेन खिशाला लावलं. मग मोबाईल काढला. "फोटो लागतो. तिला गादीजवळ बसवा."

"चेहरा नाय येणार," मी म्हटलं.

"मावशी, नियम आहे."

"असेल. चेहरा नाय."

मॅडम म्हणाल्या, "पाय आणि गादी घ्या, सर." तसाच काढला. साहेब उठले, जिन्यात थांबून म्हणाले, "राहतात असं लिहितो. पुढं वरचे लोक ठरवतील."

वरच्यांनी ठरवायला लई वेळ घेतला. मालक येता-जाता विचारायचा, मी उद्या-परवा करायचे, दुकानात उधारी मागायला भाभीला पुढं घालायचे. मग एकदाचं मंजूर झालं. मी धापा टाकत जिना चढले. ती पोर ड्युटीला निघाली होती.

"अगं, मिळालं! वर्षभराचं मिळालं."

ती हसली. मग विचारलं, "पुढच्या वर्षी हेच साहेब येतील का?"

"ते कसं सांगू बाई?"

"दुसरे आले तर परत सांगावं लागंल ना, स्टँडचं?"

तिची बस चुकेल म्हणून मी बाजूला झाले, आणि ती उतरून गेली.