शिंगाच्या मुठीचा चाकू

"पंत, ठेवता का धाडता? बैल जुंपले जी!" हसनभाईंनी आवारातून तिसऱ्यांदा हाक मारली.

हसनभाई आमच्या कापूस-खरेदीच्या कंपनीचे गाडीवान. मुंबईहून आलेला माल ते अमरावतीला आणत आणि परत करायचा माल, तेव्हा रेल्वे जिथवर आली होती त्या टोकापर्यंत पोचवत. माझ्यापुढे टेबलावर नवा विलायती घडीचा चाकू होता. तो ठेवायचा की परत करायचा, हे मला त्यांची गाडी सुटायच्या आत ठरवायचे होते.

चाकू मीच मागवला होता. मुठीच्या दोन्ही बाजूंना शिंगाच्या पट्ट्या होत्या. एक मधाच्या रंगाची, दुसरी जवळजवळ काळी. पात्यावरचा कारखान्याचा शिक्का तिरका बसला होता. टोकाजवळ केसासारखा एक ओरखडा होता. मुठीतल्या एका खिळ्याचे डोके किंचित वर राहिले होते. मुंबईच्या दुकानदाराची अट स्पष्ट होती : माल पसंत नसेल तर परत घेऊ, पण पात्याने काही कापलेले नसावे. म्हणजे चालवून पाहावा तर ठेवणे आले, आणि चालवून पाहिल्याशिवाय पारख होत नाही.

अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसावर सगळे तुटून पडले होते. मी कंपनीत उमेदवार, म्हणजे शिकाऊ, पारखी होतो. व्यापारी सरकी काढलेली रुई मोठमोठ्या गोणपाटांत ठासून आणत. अशा पोत्याला इकडे डोकडा म्हणतात. वरचा कापूस सगळेच चांगला भरतात. म्हणून पारख्याने डोकड्याला चीर द्यायची, हात आत घालून पोटातला कापूस काढायचा आणि तो दोन अंगठ्यांमध्ये ओढून तंतू किती लांब आहे ते बघायचे. याला साहेब लोक सॅम्पल काढणे म्हणत. आमच्या बाजारात आणखी एक रीत होती. ज्याने डोकडा चिरला त्यानेच दाभण-सुतळी घेऊन तो शिवून द्यायचा. चीर सरळ असली तर शिवण बसते. फाटली तर विकणाऱ्याची अर्धी रुई वाटेत सांडते.

माझ्या जुन्या चाकूची धार गेली होती. तो कापत नसे, फाडत असे. मागच्या बाजारात एका कास्तकाराने सर्वांदेखत विचारले होते, "पंत, सॅम्पल काढून राहिले का बकरा सोलून राहिले?" त्यानंतर दोघातिघांनी मला डोकड्याला हात लावू दिला नाही. चिरू न देणाऱ्याचा माल घ्यायचा तर वरवर पाहून घ्यावा लागतो, आणि तसा घेणारा पारखी एका हंगामात घरी जातो. अकोल्याची खरेदी तोंडावर होती. ती पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर सोपवली होती. ती बिघडली असती तर मी पुण्याला घरी परत गेलो असतो.

कंपनीचे एजंटसाहेब आत आले. त्यांनी चाकू उचलला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि खाली ठेवला.

"वापस भेजो, पंत. पूरा दाम दिया, तो माल साफ चाहिए."

"साहेब, दुसरा यायला हंगाम संपेल."

"वो तुम देखो," म्हणत ते गेले.

कोपऱ्यात दौलतराव पान लावत बसले होते. दौलतराव आमचे हेड पारखी. पिवळा फेटा, कानात भिकबाळी, आणि आपल्यासारखा पारखी खानदेशातही नाही हे सांगायला कधी न लाजणारे. ते आता राहिले नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हात सावकाश चालतो, म्हणून त्या दिवसापुरतेच लिहितो.

"काहून जी पंत, चाकू पाहून राहिले का पोथी वाचून राहिले?"

"दौलतराव, तुम्हीच सांगा. ठेवू?"

"मी सांगतलं त पारखी मी होईन. तुमी काय होसान?" पण त्यांनी हात पुढे केला. "आना इकडे."

त्यांनी मुठीकडे पाहिलेसुद्धा नाही. चाकू कानाशी धरून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. स्प्रिंग दोन्ही वेळा एकाच आवाजात बसली. मग डोळ्यासमोर सरळ धरून पाते मुठीच्या मधोमध उभे आहे का ते पाहिले. पाते हलके दाबले. ते जागचे हलले नाही. दौलतरावांनी पान तोंडात टाकले आणि चाकू मला परत दिला. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

मग मीही रंग पाहणे सोडले. दोन रंगांच्या पट्ट्यांनी चीर वाकडी जाणार नव्हती. शिक्का तिरका असला तरी पाते सरळ होते. ओरखडा पात्याच्या अंगावर होता, धारेपर्यंत पोचत नव्हता. राहिला खिळा. बोट फिरवले तर जेमतेम जाणवत होता. मी टेबलावरच्या नमुन्यातला चिमूटभर कापूस घेतला आणि मुठीवरून ओढला. अट पात्यापुरती होती, मुठीला बंदी नव्हती.

खिळ्यावर एक तंतू अडकून राहिला.

दौलतराव पुढे वाकले. "हे मले नाई सुचलं," ते म्हणाले. एवढे कौतुक त्यांनी माझे आधी कधी केले नव्हते, आणि नंतरही फार वेळा नाही.

खिळा खरेच खटकणारा होता. डोकड्यात हात घालताना मूठ कापसाला घासते. एका डोकड्याची रुई खिळ्याला लागून दुसऱ्याच्या नमुन्यात गेली, तर पारख खोटी ठरते. पण घासून खाली बसेल असाच तो दोष होता. फक्त, अट पात्यापुरती असली तरी, एकदा कानस लावली की दुकानदार चाकू परत घेणार नव्हता.

"हसनभाई, निघा तुम्ही!" मी खिडकीतून ओरडलो, आणि कानस घेतली.

अकोल्याला पहिल्याच दिवशी एक वयस्क व्यापारी आपल्या डोकड्यांपुढे आडवे उभे राहिले. माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती.

"तुमीच न थे फाडनारे पंत? दुरूनच पाहा."

"एकच चिरतो, शेठजी. शिवण पसंत नाही पडली तर दुसऱ्याला हात लावणार नाही."

बराच वेळ कुरकुरून त्यांनी एक कडेचा डोकडा दाखवला. चाकू गोणपाटात गेला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. ताण्यातला धागा न् धागा साफ तुटला, एकही ओढला गेला नाही. मी आतला कापूस काढला आणि चीर शिवून टाकली. शेठजींनी शिवणीवर अंगठा फिरवला.

"अशी शिवण त आमच्या घरची दरजीनबाई बी नाई घालत," ते म्हणाले. "चिरा बाप्पा, कुठीबी चिरा."

मी हवे तिथे चिरले. दोन डोकड्यांच्या पोटात जुना, पिवळा पडलेला कापूस निघाला. ते मी बाजूला काढले. शेठजी रागावले, पण डोकडे शाबूत होते, त्यामुळे भांडणाला फारशी जागा उरली नाही. बाकीचा माल उत्तम होता. तो आम्ही घेतला. त्याच हंगामात साहेबांनी मला पक्के केले.

तो चाकू पुढे पुष्कळ हंगाम चालला. धार लावून लावून पाते अरुंद झाले. तिरका शिक्का झिजून गेला. दोन्ही पट्ट्या हाताच्या घामाने सारख्याच काळ्या झाल्या.

नव्या वस्तूत दोष दिसला की लगेच नाराज होऊ नये. तो दोष कामाच्या आड येतो का, आणि येत असेल तर आपल्या हाताने जातो का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. नाराज व्हायला नंतर भरपूर वेळ मिळतो, पण हसनभाईंची गाडी थांबत नाही.