शिवलकर बाईंची वही

बेचाळिसाव्या वर्षी कुणी उगाच पदवी घेत नाही. म्हणून गुणवंती शिवलकर बाईंनी शालेय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातल्याचं कळलं, तेव्हा मी आधी सेवाज्येष्ठतेची यादी काढून पाहिली. माझ्या लगेच खाली त्यांचंच नाव होतं. मी तेव्हा प्रभारी मुख्याध्यापक होतो आणि कायम नेमणुकीचं पत्र संस्थेकडून यायचं होतं. अशा वेळी खालच्या नावावर नजर ठेवावी लागते.

बाई मांडवीच्या. वडील बोटीवर खलाशी होते, आई गंगुबाई अजून मासळीबाजारात बसते. पहाटे आईची पाटी रिक्षात चढवून द्यायची, आंघोळ करून इस्त्रीची साडी नेसायची आणि पहिल्या घंटेआधी शाळेत हजर व्हायचं, हा बाईंचा सतरा वर्षांचा नेम. मराठी शिकवायच्या. या सतरा वर्षांत त्यांनी एकदाही आवाज चढवलेला मी ऐकला नाही. आवाज न चढवणाऱ्या माणसांच्या पोटात काय असतं ते कळत नाही, असं माझं आपलं मत.

पहिलं वर्ष रविवारच्या वर्गांत गेलं. दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता आणि बाईंनी विषय निवडला: शाळेतली तक्रारपेटी रिकामी का राहते. मी म्हटलं, घ्या. हजार विषय सोडून नेमका हाच. ती पेटी मीच माझ्या केबिनच्या दाराशेजारी ठोकून घेतली होती, म्हणजे कोण काय टाकतं ते दिसावं. किल्ली माझ्याच जुडग्यात. दर महिन्याला समितीसमोर पेटी उघडायची, आत काही नसायचं, आणि ‘तक्रारी निरंक’ असा अहवाल वर जायचा. चार वर्षं सलग निरंक. मला त्याचा अभिमान होता आणि बाईंना म्हणे त्याचाच प्रश्न पडला होता.

मग आमचा क्लार्क विनीत बातमी घेऊन आला.

“सर, ती पोरांना एकेकटं बोलावत्ये. वाचनालयाच्या मागं. काय बोलतील ते वहीत लिहून घेत्ये.”

त्या दिवसापासून मला ती वही दिसायला लागली. निळ्या पुठ्ठ्याची, बाईंच्या काखेत. डबा खाताना मांडीवर, तासाला टेबलाच्या खणात, आणि खणाला कुलूप. मी दोनदा काहीतरी निमित्त काढून त्यांच्या वर्गात गेलो. दोन्ही वेळा त्यांनी शांतपणे वही मिटली. माझी खात्रीच पटली. तीस मुलांच्या तोंडून माझ्याविरुद्ध तक्रारी गोळा करून, प्रकल्पाच्या नावाखाली, ऐन नेमणुकीच्या तोंडावर त्या संस्थेत पोचवायच्या. मी गणिताचा माणूस. बेरीज मला अशीच दिसत होती.

मार्चमध्ये बाई प्रकल्प बांधून माझ्याकडं आल्या. शेवटच्या पानावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का लागतो, त्याशिवाय तो स्वीकारत नाहीत. मी अख्खा प्रकल्प चाळला. सगळे तक्ते आणि टक्के, नाव एकाचंही नाही. म्हणजे खरा माल वहीत. मी म्हटलं, वही दाखवा, लगेच सही देतो. मुख्याध्यापक म्हणून ती बघायचा मला हक्क आहे.

“वही नाही दाखवता येणार, सर,” बाई म्हणाल्या. “पोरांना शब्द दिलाय.”

शब्दबिब्द मी पुष्कळ पाहिलेत. मी प्रकल्प खणात ठेवून दिला. बाई आठ दिवसांत तीनदा आल्या आणि उभ्या राहिल्या. नोंदणीचं हे शेवटचं वर्ष आहे, शनिवारी मुदत संपते, मग सगळं पहिल्यापासून करावं लागेल, एवढंच सांगितलं. मी दर वेळी वही मागितली आणि त्या दर वेळी नाही म्हणाल्या. शनिवार गेला. त्याच दिवशी माझ्या नेमणुकीचं पत्र आलं. एक साधी तक्रारसुद्धा कुठं पोचलेली नव्हती. बाईंचा डाव हुकला, असंच मी समजलो.

रविवारी दुपारी जेवताना मी ही सगळी हकिकत घरात रंगवून सांगितली. माझी मुलगी वेदिका आमच्याच शाळेत नववीत आहे. तिनं भाताचा घास तसाच ताटात ठेवला.

“त्या वहीत माझं पण आहे,” ती म्हणाली. “मी बाईंना आधी विचारलं होतं, बाबा वही मागतील तर? त्या म्हणाल्या, मागू देत.”

मी तिला विचारलं, काय सांगितलंस? पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. ती ताट घेऊन उठली आणि आत गेली. माझ्या घरातली पोर, माझ्यासमोर जेवणारी, तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ती ते वाचनालयाच्या मागं जाऊन दुसऱ्या बाईला सांगून आली होती.

सोमवारी सही-शिक्का करून मी प्रकल्प घेऊन बाईंच्या वर्गात गेलो. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाल्या, आता ह्याचा उपयोग नाही, पण राहू दे. जूनमध्ये परत नाव घालीन. राग दिसला नाही. राग दिसला असता तर बरं झालं असतं.

मी तिथंच उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण मी अक्षरशः गयावया केली. वही नको, बाकी कुणाचंही नको, फक्त वेदिकानं काय सांगितलं तेवढं सांगा. बाप म्हणून विचारतोय.

वेदिका त्यांच्याच वर्गात आहे, पहिल्या बाकावर बसते. बाईंनी माझ्याकडं सरळ पाहिलं.

“कोण वेदिका, सर?” त्या म्हणाल्या.