पडझड शून्य

कॉटला हात बांधलेला माणूस खाली पडेल कसा, सांगा बरं?

फिट येणाऱ्या पेशंटांच्या वॉर्डाबाहेर फळ्यावर कित्येक महिने मोठ्या अक्षरांत ‘पडझड : शून्य’ होतं, म्हणजे एकही पेशंट पडला नाही. उत्तम सेवेची ढालही त्याच शून्यावर मिळालेली. वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टरला, सगळे थोरल्या म्हणायचे तिला, ती ढाल दिसली की तळपायाची आग मस्तकात जायची.

एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाईला बांधलेली असतानाच फिट आली. अंग झटके देतंय, हात कॉटला अडकलेला. खांदा निखळला. फळ्यावर? शून्यच. निखळणं पडझडीत धरत नाहीत ना!

"सिस्टर, या हातानं मी मशीन कशी चालवू?" बाईनं विचारलं.

थोरलीनं कात्री उचलली आणि हात बांधायच्या वॉर्डातल्या सगळ्या पट्ट्या कचाकच कापल्या. कॉटा खाली घेतल्या, कठड्यांना उशा लावल्या. "फिट आली की दाबून धरायचं नाही. कुशीवर वळवायचं, शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबायचं."

"आणि कुणी पडलं तर, थोरल्या?" एक नर्स कुरकुरली.

"उचलू की! बांधून ठेवायला ही काय गुरं आहेत?"

मग ती मेट्रनकडे गेली. "फिटच्या वेळी पेशंटला कुशीवर वळवलं का, दुखापत झाली का, ते मोजा."

"त्याला रकाना नाही."

"मग पाडा रकाना!"

"रकाने वरून येतात, बाई."

"पाऊसही वरूनच येतो. म्हणून छत्री उघडायची नाही?"

मेट्रन हसली. रकाना काही पडला नाही. पडली ती शिवणवाली बाई. गळ्यात हात अडकवून एकटीच संडासला निघाली आणि उंबऱ्याशी घसरली. गुडघा खरचटला. "जाऊ द्या हो, माझ्या पायांनी गेले होते ना!" म्हणत तीच थोरलीची समजूत काढत होती.

फळ्यावर ‘एक’ लागला. ढाल शेजारच्या वॉर्डात गेली. दुसऱ्या सकाळी स्टोअरमधून पट्ट्यांचं नवंकोरं खोकं आलं, वर निरोप : पुन्हा बांधा.

थोरलीच्या पाळीत अजून कुणाला बांधत नाहीत. पण पाळी संपवून ती घरी जाते, आणि तिच्यामागं पट्ट्या बाहेर निघतात. दातओठ खाण्यापलीकडे तिच्या हातात काय उरलंय?

तुमच्या हातात आहे. आपलं माणूस बघायला जाल, तेव्हा फळा वाचत बसू नका. पांघरूण सारा, मनगट बघा. पट्टी दिसली तर सोडायला लावा, आणि सुटेपर्यंत तिथून हलू नका.