पावणीक सांग

भूतबित मी मानत नाही. उलट भुतांनीच मला मानावं... थापा मारण्यात मी त्यांचा बाप! घाटकोपरच्या भटवाडीत कुणालाही विचारा. डोंगरावरचा बिबट्या माझ्याकडे बिडी मागायला आला होता, हे मी गणपतीच्या मांडवात शपथेवर सांगितलंय. तेव्हा हे वाचून हसलात तरी माझी हरकत नाही.

१९८४चा मे महिना. मी साकीनाक्याला लेथवर टर्नर. घरी आई, बाबा आणि खाटेला खिळलेली आजी. हाडांचा सापळा उरलेला, पण कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढायला ब्रह्मदेशात गेले तेव्हा बाबा तिच्या पोटात होते. आधी लष्कराचं पत्र आलं, ‘बेपत्ता’. मग काही वर्षांनी दुसरं, ‘मृत समजावे’.

त्या ‘समजावे’वर आजी अडून बसली ती बसलीच.

“समजा म्हंजे काय रे? मेलो तर मेलो म्हणा. भात शिजलो असा समजा, म्हणान कोण जेवता?”

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. “माका पोचवताना हिरवा लुगडा नेसवशात की पांढरा? सवाशीण जाव की रांडमुंड, ता माका मरायच्या आधी कळाक होया. तेवढा शोधून काढ.”

मी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला तीन पत्रं टाकली. उत्तर एकच आलं, त्यातही तेच – समजावे! शेवटी आमच्या कंपनीचा वॉचमन, जुना फौजी, म्हणाला, “मानखुर्दला एक म्हातारा हवालदार आहे, बर्मात होता. नाल्याजवळची गल्ली, निळा दरवाजा. जाऊन बघ ना.”

रविवारी भर दुपारी गेलो. ऊन असं, की कावळेसुद्धा चप्पल घालून फिरत असावेत. निळा दरवाजा सापडला. आत खाटेवर एक म्हातारा, हनुवटीपासून गळ्यापर्यंत जुना व्रण. उशाशी पाटी होती, नातवाची असेल. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, “बाबा, सखाराम परब आठवतात? मालवणकडचे. मी त्यांचा नातू.”

म्हातारा कोपरावर रेलून उठला. मग बोलला. आवाज मात्र म्हाताऱ्याचा नव्हता हो... पंचविशीतल्या पोराचा, ओला.

“पावणीक सांग, माका न्हयन नेल्यान. आता वाट बघू नको. कुकू पुस.”

न्हयन, म्हणजे नदीने नेलं; आजोबांचाच निरोप हा, मी समजलो. पुढे काही विचारणार, तोवर ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

खरं सांगतो, मला आनंद झाला. काम झालं! परतीच्या बसमध्ये मी गोष्ट रंगवायला घेतली. आजोबांनी एकट्याने अकरा जपानी लोळवले, गोरा साहेब त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रडला... घरी येऊन आजीला हे सगळं सांगितलं. तिने तोंड फिरवलं.

“थापाड्या. मरणाऱ्याक तरी सोड रे.”

मी ओशाळलो. म्हटलं, “बरं बाई, जपानी खोटे. हवालदार एवढंच बोलला: पावणीक सांग, माका न्हयन नेल्यान. कुकू पुस.”

आजीने माझं मनगट पकडलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली, कोण जाणे.

“ह्या नाव तुका कोणी सांगल्यान?”

“कुठलं नाव?”

“लगीन झाल्यार दोनच म्हयने आमी एकत्र. मी सारखी म्हायेराक पळय, म्हणान ते माका पावणी म्हणत. दोघातलाच होता ता. तुझ्या बापाशीकसुद्धा ठावक नाय.”

मग तिने पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि कुंकू पुसलं. सावकाश, तीनदा. खालची कातडी पांढरीफटक, गोल – जुनी फ्रेम काढल्यावर भिंत दिसते ना, तशी.

चौथ्या दिवशी ती गेली. आम्ही पांढरं लुगडं नेसवलं.

तेराव्यानंतर नारळ घेऊन मी पुन्हा मानखुर्दला गेलो. दारात म्हाताऱ्याची सून होती. तिला झालेलं सगळं सांगितलं, ते मालवणीत बोलले हेही.

“मामंजी बोलले? तुमच्याशी? अहो, इटलीत गोळा लागून त्यांची जीभ गेली! मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाटीवर लिहितात.”

“इटलीत? बर्मात ना?”

“बर्मावाले हवालदार मागच्या गल्लीत. त्यांचाही दरवाजा निळाच, सगळे चुकून इथेच येतात. ते तर होळीलाच गावी गेले. आणि मालवणी म्हणता? आम्ही साताऱ्याचे, भाऊ.”

मी आत जाऊन म्हाताऱ्यासमोर उभा राहिलो. त्यांनी पाटीवर लिहिलं: ‘ओळखत नाही. तुम्ही कोण?’ मला वाचू दिलं. मग तळव्याने पाटी पुसली. सावकाश, तीनदा.

आजीला मी रांडमुंड करून धाडलं ते कुणाच्या शब्दावर? की तिची सुटका केली? हा प्रश्न मला आजही खातो. घरी मी कधीच खरं सांगितलं नाही. बर्मावाला हवालदारच भेटला, असंच म्हणालो. माझ्या आयुष्यात एवढी एकच थाप सगळ्यांनी मुकाट्याने मानली.

ते कोण बोललं, मला माहीत नाही. तुम्ही फारच खोदून विचारलंत, तर मीही लष्करासारखंच लिहून देईन... आजोबाच होते, असे समजावे.