सवादी खा

माझ्या संशयी स्वभावाला घरात सगळे हसतात. हसोत. माझी भाची वडिवळ्याहून चार दिवस माझ्याकडे राहायला आली आणि म्हणाली, "मावशी, टर्कीच्या हॉटेलात नोकरी लागलीय." तिकडे बहिणीने गावभर पेढे वाटले होते. मी मात्र विचारलं, "एजंट कोण?"

तिने विषय बदलला. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुपारी तिच्या पिशवीतली तिकडची भाषा शिकायची वही हाती लागली. हाती लागली म्हणजे मीच काढली. पहिल्या ओळीत तिच्या अक्षरात होतं 'सवादी खा', आणि पुढे अर्थ, नमस्कार. मला वाटलं, हॉटेलवाले ते, नमस्काराच्या जागी 'चवीनं खा' म्हणत असतील. खालच्या ओळीत 'खोप खुन खा', म्हणजे आभारी आहे. आभार मानायला खून कशाला?

कामशेतला पॅराग्लायडिंगला येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक मी करते. एकदा टर्कीचं जोडपं महिनाभर राहिलं होतं. बाई 'शेकेर' म्हणाली की मी साखर द्यायचे, 'साबून' म्हणाली की साबण. तिच्या बोलण्यात एखादा तरी शब्द आपला निघायचा. या वहीत ओळीओळीच्या शेवटी ते 'खा' सोडलं तर काहीच ओळखीचं नव्हतं.

फोनला विचारलं. फोन म्हणाला, थाई.

मग मी खोदतच गेले. तुर्की भाषा टर्कीत तर आहेच, शिवाय सायप्रसमध्ये, बल्गेरियात, कामाला गेलेल्या लोकांमुळे जर्मनीतसुद्धा. थाईचं तसं नाही, तिच्यासाठी थायलंडच गाठावं लागतं. म्हणजे एजंट पोरीला टर्की सांगून तिकडे उतरवणार, पासपोर्ट काढून घेणार. मी घाबरले.

वही तिच्यापुढे आपटली. "अगं, फसवतोय तो तुला! ही तुर्की न्हाई, थाई हाय."

"म्हाईत हाय मला."

"म्हाईत हाय?"

"एजंट न्हाई कुनी. माझी कॉलेजातली मैत्रीण तितल्या हॉटेलात हाय, तिनं लावली नोकरी. टर्की मीच सांगितलं. आपल्याकडचे गडी ग्रुपनं थायलंडला जात्यात आन् आल्यावर कसं हसत्यात, तुला ठावं हाय. पोरीनं थायलंड म्हटलं असतं तर आईनं सोडलं असतं का? आन् तू काय काय ईचार केला असतास?"

तोच केला असता. खरं सांगायचं तर त्या क्षणीही करत होते. मैत्रीण खरी का, हॉटेल कसलं, रात्रपाळी असते का. स्वतःची लाज वाटत होती, पण मन काही ऐकेना.

"निघतेस कधी?" मी जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं.

तिने वही उचलली आणि पिशवीत अगदी तळाशी सारली.

"तितं पोचले की कळवते," ती म्हणाली.