पातळ सरस

सगळे त्याला दारकाका म्हणत. त्याने बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही, त्याचा सांधा कधी सुटला नाही, आणि ही गोष्ट तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. वडिलांनी कान पिळून शिकवलेलं एकच वाक्य होतं: "लाकूड मोडलं तर लाकडाचा दोष, सांधा सुटला तर सुताराचा."

आता कान पिळायला वडील नव्हते आणि कानही धड राहिले नव्हते. जन्म करवतीच्या यंत्राशेजारी गेला. कानात बोळे घाला म्हणणाऱ्यांना तो हसायचा. उजवा कान केव्हाच गेला. डावा तपासून डॉक्टर म्हणाले, "हाही त्याच वाटेवर आहे. जे ऐकायचं असेल ते ऐकून घ्या."

त्याला एकच ऐकायचं होतं. स्वतःच्या हातचं व्हायोलिन.

हा नाद लागला एका संगीतशिक्षिकेचं दार बसवताना. ती आतल्या खोलीत वाजवत होती आणि हा बाहेर रंधा धरून नुसता उभा. घरी आला तो वेड घेऊनच. वर्षभर खपून पहिलं व्हायोलिन केलं. कोरडा वारा सुटला आणि तारा चढवण्याआधीच वरची फळी उभी चिरली. दुसऱ्याला त्याने दारांचा गोंद दुप्पट लावला, तर ते आणखी लांब चिरलं.

"अहो, दारालाच तारा लावा," बायको म्हणाली. "निदान मोडणार तरी नाही!"

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण हट्टीपणात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. तिसरं करून त्याने भिंतीला टांगलं. दोघं जेवायला बसली होती. अचानक बायकोचा घास हातातच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

त्याने वळून पाहिलं. फळीवर वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज झाला असणार, आणि तो शांतपणे जेवत होता. त्याचा हात आधी डाव्या कानाकडे गेला. व्हायोलिनचं वाईट नंतर वाटलं.

दुसरा कुणी कानाला खडा लावून मोकळा झाला असता. यानेही तिन्ही मोडकी व्हायोलिनं पोत्यात भरून माळ्यावर टाकली आणि कुणाशी धड बोलेना. रोज सकाळी किटलीपाशी जाऊन उभा राहायचा, शिट्टी ऐकू येते का बघायला. ती दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. एका सकाळी वाफ दिसली, शिट्टी नाही. बायको धावत येऊन गॅस बंद करू लागली, तेव्हा कळलं की शिट्टी केव्हाची वाजत होती.

त्याच दिवशी त्याने पोतं खाली काढलं.

तुकडे पुढ्यात मांडले. तिन्हींचे सांधे जसेच्या तसे, लाकूड तेवढं फाटलेलं. दाराच्या बाबतीत ही मिरवायची गोष्ट. तो बोटांनी सांधे चाचपत राहिला. कोरड्या हवेत ती पातळ फळी आकसणार, आणि याने तिला चारी बाजूंनी जखडून ठेवलेली. मग ती फाटणार नाही तर काय करणार? सुटायला हवा होता तो सांधा.

जन्मभर ज्याची लाज बाळगली तेच आता मुद्दाम करायचं होतं. चौथ्या वेळी त्याने दारांचा गोंद सोडून जुन्या पद्धतीचा सरस गरम केला आणि पकड कच्ची राहावी म्हणून त्यात पाणी घातलं. वडील मागे उभे आहेत असंच वाटलं. आणखी थोडं पाणी घातलं.

तारा चढल्या. त्याने गज ओढला. जाड तार भिंतीपलीकडून आल्यासारखी ऐकू आली. मधल्या दोन पुसट. सगळ्यांत बारीक तारेवर तो गज ओढत राहिला, ओढतच राहिला. तार छान वाजत होती. बायकोने तोंड फिरवलं.

"जाड तार तरी ऐकली," तो म्हणाला. "ऐकली मी."

मग वारा सुटला. एका दुपारी तो कपाट पुसत असताना बायको दचकली. तिच्या नजरेमागे त्याने भिंतीकडे पाहिलं. व्हायोलिन खाली काढलं, खिडकीशी नेलं, फिरवून फिरवून पाहिलं. कडेचा सांधा वीतभर उघडला होता. लाकूड अखंड होतं.

तो मोठ्याने हसला. लगेच सरस गरम करून फटीत भरला आणि क्लॅम्प आवळू लागला.

"आज वाळू दे. उद्या वाजवू या, काय?" तो गरजेपेक्षा जोरात म्हणाला.

"वाजवा की," ती म्हणाली.

तो क्लॅम्प आवळत राहिला.

"अहो, वाजवा म्हणते मी!"

ती त्याच्या डाव्या कानाच्या बाजूलाच उभी होती. मग वळसा घालून त्याच्या समोर आली आणि तो वर बघेपर्यंत होकाराची मान हलवत राहिली.